हात पडू दे

माझ्या आत्याला फोन लावला, तर आपल्याला काही बोलावं लागत नाही. पलीकडून "हॅलो" येत नाही, थेट उत्तरच येतं. "व्हय, धाडते." "आज न्हाई जमायचं." "आगं बरी हाय ती, काळजी नगं करू." आणि फोन बंद. निम्म्या वेळा हे उत्तर बरोबर निघतं, हे विशेष. उरलेल्या निम्म्या वेळा गोंधळ होतो. एकदा कर्ज हवंय का विचारायला कुठल्याशा बँकेतल्या मुलीनं फोन केला. तिला आत्यानं सांगितलं, "रविवारी या. जेवायलाच या. पर आधी पत्रिका पाठवा." पत्रिका कुणासाठी मागितली, हे मी विचारलं नाही. त्या घरात लग्नाची अशी मी एकटीच होते.

आत्याचं नाव कला. माझ्या वडिलांची थोरली बहीण. न्हावऱ्याच्या बाहेर, उसाच्या फडांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला तिची वस्ती आहे. गेल्या वर्षी आमच्या शिरूरच्या घराचं बांधकाम निघालं. माझं काम लॅपटॉपवर घरूनच चालतं, आणि ड्रिलच्या आवाजात मीटिंगा होईनात, म्हणून मी काही महिने आत्याकडे राहायला गेले. माडीवर नेटला रेंज होती आणि खाली आत्या होती. दोन्हींचा वेग उत्तम.

मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत बोलताना मधेच एखादा शब्द सापडत नाही आणि मी थांबते. लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात, मग जो शब्द सापडलेला असतो तोही जातो. आत्याकडे हा त्रासच नव्हता. मी "आत्या, मला जरा..." एवढं म्हणायचा अवकाश, "ताक दिऊ? फ्रिजात हाय, घे," असं म्हणून ती पुढच्या कामाला लागलेली असायची. मला खरं तर चार्जर हवा असायचा. पण ताकही वाईट नसायचं. वाक्य पूर्ण न करता इतक्या सुखात मी कुठंच राहिले नव्हते.

आत्याचं सगळंच आधी. लग्नाला जायचं, तर मांडवाचे खांब रोवणारे लोक तिला "मावशी, जरा ती दोरी धरा" म्हणतात. एसटी पकडायची, तर आधीची एसटी अजून सुटलेली नसते. म्हशींची धार तर ती इतकी लवकर काढते, की म्हशींनीच आपला दिवस तिच्या सोयीनं बदलून घेतलाय. आणि कुणी काही सांगायला लागलं, की तिचं ठरलेलं, "कळलं, कळलं. फुडं बोल."

असल्या बाईच्या नशिबी नवरा कसा यावा? आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मेंढरं होती. मामांचा जन्म पक्क्या घरातला, शेती बागायती, पण चाल अजून कळपामागून चालणाऱ्या माणसाची आहे. त्यांना प्रश्न विचारला, तर ते आधी प्रश्नाकडे बघतात, मग आभाळाकडे, मग विचारणाऱ्याकडे. तोवर विचारणारा गेलेला असतो. पण मामा उत्तर टाकून देत नाहीत. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर ते संध्याकाळी, चहाच्या वेळी, जिथल्या तिथं आणून ठेवतात. "तुपाचा डबा कुठं ठिवला, वो?" असं आत्यानं सोमवारी विचारलं होतं. मंगळवारी जेवताना मामा म्हणाले, "माळ्यावर." आम्ही सगळे थोडा वेळ विचार करत राहिलो, काय माळ्यावर म्हणून.

आत्याकडे एक स्कूटी होती. निळी. पन्नाशीत शिकली ती, आणि तेही स्वतःची स्वतः, उसाच्या पाचटात पडून पडून. दर बुधवारी दुपारी "पेंडीचं बघून येते" म्हणून ती स्कूटी काढायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. मी काही बोलत नाही, पण बघत असते. ती आली, की स्कूटीवर पेंडीचं पोतं कधीच नसायचं. पण चेहऱ्यावर काहीतरी असायचं. मी विचारलं नाही. मला विचारायला वेळ लागतो, आणि आत्या उत्तर आधीच देऊन मोकळी होते. "भाव उतरला न्हाई आजून."

मग तो अपघात झाला.

चौकात उसानं भरलेला ट्रॅक्टर आत्याच्या पुढं होता. सगळे उसाचे ट्रॅक्टर त्या चौकात कारखान्याकडं वळतात. हे आत्याला माहीत होतं, म्हणून तो वळायच्या आधीच तिनं स्कूटी सरळ घातली. तो वळला नाही. ड्रायव्हरला पलीकडच्या टपरीवर चहा प्यायचा होता. आत्या ट्रॅक्टरला चुकवून रस्त्याकडेच्या कांद्याच्या अरणीत शिरली. अरण म्हणजे पातीखाली झाकून ठेवलेला कांद्याचा ढीग. त्यामुळे लागलं फारसं नाही, गुडघा खरचटला. ढिगाचा मालक धावत आला, तेव्हा आत्या कमरेपर्यंत कांद्यात बसून त्याला सांगत होती, "दादा, आतनं कांदा तापलाय. आजच उघडा, न्हाईतर सडंल."

घरी आली ती केसात पातीच्या काड्या घेऊन. दारात प्रवीणदादा उभा होता.

दादा आत्याचा मुलगा. रांजणगावच्या एका कंपनीत सेफ्टी विभागात आहे. कामावरून येतो, पण कामातून बाहेर येत नाही. घरात ओली फरशी दिसली, की तिथं खुर्ची आडवी लावतो. रविवारी सकाळी चहाबरोबर सगळ्यांना उभं करून सुरक्षेवर चार शब्द सांगतो. मामा त्या वेळी बसलेलेच असतात, कारण उठण्याची सूचना त्यांच्यापर्यंत अजून पोचायची असते. एखादी दुर्घटना होता होता वाचली, तर दादाच्या भाषेत ती "नियर मिस". दूध उतू जाता जाता राहिलं, नियर मिस. पाहुणे येता येता राहिले, तेसुद्धा.

"आई, हा नियर मिस नाही," दादा म्हणाला. "हा ॲक्सिडेंट आहे. चावी दे."

"आरं, त्यो टॅक्टरवाला..."

"तू वाट बघितली नाहीस. चावी."

आत्यानं चावी दिली. दादानं ती आपल्या कंपनीच्या ओळखपत्राच्या दोरीला अडकवली आणि गळ्यात घातली. आत्या तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. म्हणजे तो बोलायच्या आधी उत्तरं देत होती, पण जिव्हाळ्यानं नाही.

खरा त्रास बुधवारी झाला. दुपारी आत्यानं नेहमीसारखं लुगडं बदललं, वेणी घातली आणि गोठ्याशेजारी स्टँडवर लावलेल्या स्कूटीवर जाऊन बसली. तिथंच बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिली. दादाची बायको, आमची वहिनी, म्हणाली, "आत्याबाई, पेंडच आणायची ना? हे आणतील येताना." आत्या म्हणाली, "त्याला काय कळतंय पेंडीतलं." पुढच्या बुधवारीही तेच. शेंगा संपल्या होत्या, म्हणून लसूण.

शेवटी दादालाच बघवेना. एका रविवारी तो मोबाइल घेऊन आत्यासमोर बसला. "हे बघ आई. आमच्याकडं नवीन पोरं येतात, त्यांना मी ही गेम खेळायला देतो. ही स्क्रीन आता लाल आहे. लाल आहे तोवर गप बसायचं. हिरवी झाली की बोट लावायचं. किती वेळात लावलं, ते खाली दिसतं. पाच वेळा लागोपाठ खेळायचं. सरासरी तीनशेच्या आत आली, तर चावी तुझी."

"तीनशे काय?"

"मिलिसेकंद. डोळ्याची पापणी हलते ना, साधारण तेवढंच."

"तेवढ्यात असं काय व्हतंय?"

"तेवढ्यात आई, ट्रॅक्टर सरळ जातो."

आत्यानं मोबाइलसाठी हात पुढं केला.

"आणि हिरवी व्हायच्या आधी एकदाही हात लागला, तर सगळं पहिल्यापासून."

आत्यानं मोबाइल मांडीवर घेतला. स्क्रीन लाल. आत्यानं बोट लावलं. स्क्रीनवर इंग्रजीत आलं की तुम्ही फार घाई केलीत. पुन्हा लाल. पुन्हा बोट. पुन्हा घाई. "हे व्हनारच व्हतं हिरवं," आत्या म्हणाली. "म्या वळखलं व्हतं."

"ओळखायचं नाही, आई. बघायचं."

हा फरक तिला कुणी आजवर सांगितला नसावा. ती त्या लाल चौकटीकडे अशी बघत राहिली, जसं तिनं वळणार नसलेल्या ट्रॅक्टरकडे बघायला हवं होतं.

दादानं ती गेम आत्याच्या मोबाइलवर उघडून दिली, आणि त्या दिवसापासून वस्तीवर नवा नियम आला. आत्या मोबाइलपुढं बसली, की बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, कुत्र्याला हाड म्हणायचं नाही. ती चुलीपुढं खेळायची, गव्हाणीवर बसून खेळायची. खेळताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. एकदा मी जवळून गेले, तेव्हा ऐकू आलं, "हात पडू दे... हात पडू दे..." मला वाटलं, असेल एखाद्या देवाचं. लगेच स्क्रीनवर घाई झाल्याचं आलं आणि तिनं देवाला न शोभणारा एक शब्द वापरला.

गावात एक दशक्रिया होती, तिथंही ती मोबाइल घेऊन गेली. आमच्या भागात दशक्रियेला पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात आणि ती गेलेल्या माणसापेक्षा जास्त लांबतात. मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले होते. पदराखाली मोबाइल लाल झालेला मला दिसत होता. माइकवर एक पुढारी सांगत होते, "अण्णांची आणि माझी शेवटची भेट..."

"हुकली!" आत्या ओरडली.

सगळा घाट वळून बघायला लागला. मला नदीत उतरावंसं वाटलं. पण पुढाऱ्यांनी माइक खाली केला. "हुकलीच, माय," ते म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले. त्या दिवशी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मनापासूनचं भाषण तेच झालं, असं नंतर चहाच्या वेळी लोक म्हणत होते.

हळूहळू आत्याला थांबायला जमू लागलं. पाचातल्या पाच वेळा ती हिरवं होईपर्यंत बोट आवरून धरायची. पण आता आकडा मोठा यायला लागला. सहाशे, आठशे. एकदा तर बाराशे. दादा जीभ चावून म्हणाला, "वयाचा परिणाम असतो, आई. तुझा दोष नाही." आत्या काही बोलली नाही, आणि हे फारच वाईट होतं. तिच्याकडे आधीपासून तयार असलेलं उत्तर नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी बघत होते. हिरवं झालं, की आत्याचा अंगठा लगेच पडत होता. मलाही गाठता येणार नाही इतका लगेच. पण स्क्रीनला तो कळतच नव्हता. दुसऱ्यांदा टेकवावा लागायचा, कधी तिसऱ्यांदा. आत्या अंगठा मुडपून धार काढते. इतक्या वर्षांत अंगठ्याला, बोटांना असे घट्टे पडलेत, की गरम तव्यावरची भाकरी ती बोटांनी उलटते आणि तिला काही होत नाही. मोबाइलच्या काचेला त्या घट्ट्यांखाली माणूस आहे हे कळायला वेळ लागत होता.

हे मी तिला सांगितलं. पूर्ण वाक्यात सांगावं लागलं, कारण या वेळी तिला पुढचं माहीत नव्हतं.

"म्हंजी बोट म्हातारं हाय, म्या न्हाई?"

"तसंच काहीसं."

आत्याचा चेहरा असा उजळला, की हिरवी स्क्रीन त्यापुढं काहीच नाही. मग सुरू झाला नव्या बोटाचा शोध. तिनं अंगठ्याला तूप चोळून पाहिलं, तर मोबाइल हातातून निसटून गव्हाणीत पडला आणि म्हशीनं तो चाटला. म्हशीच्या जिभेनं मात्र लगेच नोंद झाली. कोपर झालं. नाकाचा शेंडा झाला. नाकानं वेग चांगला येत होता, पण नाक काचेला लावायला वाकलं की हिरवं झालेलं दिसत नव्हतं. वहिनीनं पायाचा अंगठा सुचवला आणि मग घाईघाईनं आत गेली.

"आता काय करू, वो?" संध्याकाळी आत्यानं मामांना विचारलं. मामांनी प्रश्नाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून आले, सायकल भिंतीला लावली, आणि म्हणाले, "डावी करंगळी."

आत्या शेणाची पाटी घेऊन निघाली होती. ती थांबली. पाटी खाली ठेवली, हात धुतले, आणि डाव्या हाताची करंगळी उन्हात धरून पाहिली. धार काढताना ती बाजूला राहते. विळ्याला तिचा आधार लागत नाही. भाकरी थापताना ती नुसती सोबत असते. त्या अख्ख्या हातांमध्ये ते एकच बोट लहान मुलीसारखं मऊ राहिलं होतं. मामांनी ते कधी बघून ठेवलं होतं, कोण जाणे. मामा उत्तर टाकून देत नाहीत, ते मी सांगितलंच आहे.

पहिल्याच झटक्यात आकडा निम्म्याहून खाली आला.

त्याच आठवड्यात आत्यानं मला विचारलं, "सायले, ह्यात दोघींनी मिळून खेळायचं काय हाय का?" मी शोधून दिलं. ती गेम ज्या संकेतस्थळावर होती, तिथंच दोघांसाठीचा खेळ होता. मोबाइल मधे आडवा ठेवायचा, निम्मी स्क्रीन एकीची, निम्मी दुसरीची. हिरवं झालं, की जिचा हात आधी, ती जिंकली. मला वाटलं, आता माझ्याशी खेळेल. मी दोन-तीन दिवस उगाच खाली रेंगाळले. तिनं मला खेळायला बोलावलं नाही.

परीक्षेचा रविवार उजाडला. दादानं अंगणात टेबल मांडलं, त्यावर चादर, चादरीवर मोबाइल. स्वतः शर्ट खोचून उभा. शेजारच्या वस्तीवरच्या बायका कामं टाकून आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "कलाबाई, हरलात तर चावी मला द्या." आत्या म्हणाली, "तुला दिली तर कांदेवाल्यानं कुठं जायचं?"

आत्या खुर्चीत बसली. डावी करंगळी ताठ केली. बाकी हात पदरात.

पहिली वेळ छान गेली. दुसरी त्याहून छान. तिसऱ्या वेळी दूध डेअरीच्या टेम्पोनं नेमका रस्त्यावर हॉर्न दिला. सगळ्या बायका दचकल्या, करंगळी दचकली नाही. चौथ्यांदा थोडा उशीर झाला आणि बायकांमधून "आगं बया" असा आवाज निघाला. दादानं बोट वर करून शांतता मागितली.

पाचव्या वेळी स्क्रीन लाल झाली ती लालच राहिली. जणू मुद्दाम. मी माझ्याच हाताला घट्ट धरून उभी होते. आत्याच्या कपाळावर घाम आला. करंगळी खाली वाकली, पुन्हा वर गेली. तिचे ओठ हलत होते. "हात पडू दे... हात पडू दे..." तिचं सगळं आयुष्य, मांडवाचे खांब, न सुटलेल्या एसट्या, न विचारलेले प्रश्न, सगळं त्या एका बोटाला खाली ढकलत होतं, आणि ती बसून राहिली होती.

हिरवं.

दादानं मोबाइल उचलला. आकड्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं. "सरासरी दोनशे ब्याण्णव," तो म्हणाला. बायकांना मिलिसेकंद कळत नव्हते, पण दादाचं पडलेलं तोंड कळत होतं. त्यांनी असा कल्ला केला की फडातल्या साळुंक्या उडाल्या. वहिनी मला मिठी मारून नाचली. मला मिठ्या आवडत नाहीत, पण ही चालली.

"आता तू खेळ," आत्या दादाला म्हणाली.

"मला काय गरज आहे?"

"साहेब, खेळा की!" बायका ओरडल्या. दादा बसला. कॉलर नीट केली. स्क्रीन लाल झाली. सगळ्या बायका त्याच्या बोटाकडे टक लावून बघत होत्या. दादाचं बोट पडलं. लाल स्क्रीनवरच.

मग भिंतीकडेला बसलेल्या मामांनी आभाळाकडून नजर खाली आणली.

"नियर मिस," मामा म्हणाले.

आयुष्यात त्यांनी वेळेवर दिलेलं ते पहिलं उत्तर असावं.

चावी मिळाली. दादानं एक अट घातली, पहिल्या खेपेला मी मागं बसायचं. बुधवारी दुपारी आम्ही निघालो. आत्या हेल्मेट घालून, मी पिशवी धरून. चौकात उसाचा ट्रॅक्टर पुढं होता. आत्या थांबली. तो वळला, पूर्ण वळला, दोन्ही ट्रॉल्या वळल्या, आणि मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवून "मावशी, झोपली का?" म्हटल्यावर मग आम्ही हललो. "त्याला घाई लई," आत्या म्हणाली.

पेंडीचं दुकान मागं पडलं. मी म्हटलं, "आत्या, पेंड..."

"कळलं, कळलं," ती म्हणाली, पण पुढं काही सांगितलं नाही. भीमेच्या पुलावर, जिथं दौंड तालुका लागतो, तिथं वाऱ्यात ओरडून ती बोलायला लागली.

तिची एक मैत्रीण होती, शकू. शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये दोघी एकत्र. शकू सगळ्यात चपळ, ती पळायची. आत्या पाटीत, म्हणजे उकिडव्या बसलेल्या पोरींच्या रांगेत, बसायची. मागून येऊन शकूनं पाठीवर हात मारून "खो" म्हटलं, की मगच उठायचं. शकू येताना दिसली, की आत्या आधीच उठायची. फाऊल. मास्तर मैदानाबाहेरून ओरडायचे, "कले, हात पडू दे! हात पडू दे!" एक मोठा सामना त्या फाऊलनं गेला. सगळ्या टीमनं आत्याशी बोलणं टाकलं. "शकू तेवढी बोलली," आत्या म्हणाली. "म्हनली, फुडच्या टायमाला थांब. येवढंच."

त्या शकूला मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. थोडं थोडं परत येतंय. माहेरच्या भागात कुणालाच, घरातल्यांनाही, सांगायचं नाही, अशी तिनं आत्याला शपथ घातली होती. "लोकं बघायला येत्यात," आत्या म्हणाली, "आन् तिच्या तोंडातला शब्द वडून घेत्यात. ती पानी म्हनायच्या आधी पानी देत्यात. मंग तिनं बोलायचं कवा?"

हे मी लिहितेय, त्याला शकूमावशीची परवानगी आहे. ती द्यायला तिला बराच वेळ लागला. आम्ही थांबलो.

मोठ्या रस्त्यापासून खूप आत, पेरूच्या बागेपलीकडं तिची वस्ती होती. एसटीनं येणाऱ्याला जमलंच नसतं. ओसरीत शकूमावशी खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, एका बाजूला किंचित उतरलेला चेहरा. आत्याला बघून तिचे ओठ हलायला लागले. पहिलं अक्षर यायला वेळ लागला. मग दुसरं.

"उ... शी... र."

माझ्या आत्याला आजवर जगात कुणी उशीर झाला म्हणून बोललं नव्हतं.

"व्हय गं," आत्या हेल्मेट काढत म्हणाली. "लईच झाला."

शकूमावशीनं माझ्याकडं बघितलं. "च..." ती म्हणाली. "च..." चहा म्हणायचं होतं, हे उघड होतं. ओसरीतच स्टोव्ह होता, कप होते. मी, जिला स्वतःचे शब्द सापडत नाहीत, शकूमावशीचा शब्द द्यायला तोंड उघडलं. आत्याचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. घट्ट. मी तोंड मिटलं. आत्या शकूमावशीच्या तोंडाकडे बघत होती, ओळखत नव्हती, नुसती बघत होती. अंगणात एक कोंबडी आली, दाणे टिपून गेली.

"चहा... ठेव... पोरीला," शकूमावशी म्हणाली.

"ठिवते," आत्या म्हणाली. "आधी एक डाव. हिरवं दिसलं, की हात टाकायचा."

तिनं मधल्या स्टुलावर मोबाइल आडवा ठेवला. निम्मी स्क्रीन शकूमावशीची, निम्मी तिची. शकूमावशीनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. आत्यानं करंगळी काढली. दोघी त्या लाल चौकटीवर अशा वाकल्या, की कपाळाला कपाळ लागायचं तेवढं राहिलं.

हिरवं झालं.

आत्याची करंगळी हवेत होती, काचेपासून तांदळाएवढ्या अंतरावर. शकूमावशीच्या उजव्या हाताचं बोट मांडीवरून निघालं. स्टुलाच्या कडेपर्यंत आलं. थांबलं, कापलं, पुन्हा निघालं. तीनशेच काय, तीन हजारही केव्हाच होऊन गेले असतील. हिरवा उजेड आत्याच्या तोंडावर पडला होता आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती, ते आता मला माहीत होतं.

हात पडला.

स्क्रीनवर शकूमावशीच्या बाजूला चांदण्या उडाल्या. तिनं मान वर केली, आत्याकडे बघितलं, आणि एका दमात, न अडखळता, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, "खो!"

आणि मग, त्याच्या क्षणभरही आधी नाही, आत्या उठली, पदर खोचला आणि अंगणात पळत सुटली.